टीव्ही कुठे ठेवला होता? आयरिश प्रेक्षकांच्या आठवणींतून टीव्हीचा इतिहास

आयर्लंडमध्ये टीव्ही कधी आला, या प्रश्नाचं सरकारी उत्तर अगदी नेमकं आहे: 31 डिसेंबर 1961. त्या रात्री डब्लिनमध्ये बर्फ पडत होतं. ओकॉनेल स्ट्रीटवरच्या ग्रेशम हॉटेलातून थेट प्रक्षेपण झालं आणि ‘टेलेफीश एरन’ ही राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. तिलाच पुढे आरटीई म्हणू लागले. राष्ट्राध्यक्ष एमन डी व्हॅलेरा तेव्हा 79 वर्षांचे होते. त्यांनी शुभेच्छा दिल्या, पण त्यांच्या भाषणात आनंदापेक्षा धास्तीच जास्त होती. टीव्ही हा अणुशक्तीसारखा आहे, त्यातून अपार भलं होऊ शकतं तसं कधीच भरून न निघणारं नुकसानही होऊ शकतं, असं त्यांनी उद्घाटनाच्याच रात्री देशाला सांगितलं.

पण आज ऐंशी-नव्वदीत असलेल्या आयरिश माणसाला विचारा, तुम्ही टीव्ही पहिल्यांदा कधी पाहिला? पूर्व किनाऱ्यावरचा किंवा सीमेजवळचा माणूस असेल, तर तो 1961 च्या कितीतरी आधीची आठवण सांगेल. शेजारच्या डॉक्टरांच्या घरी, दुकानाच्या काचेतून, नाहीतर इंग्लंडला कामाला गेलेल्या मामाकडे. पश्चिमेकडच्या खेड्यातला असेल, तर 1961 च्या बऱ्याच नंतरची. ती एक तारीख फारच थोड्यांच्या आठवणीत सापडते. आयर्लंडमधले काही माध्यम-अभ्यासक याच फटीत शिरले. वाहिनीची कागदपत्रं, संसदेतले वाद, बिशपांची पत्रकं हे सगळं बाजूला ठेवून त्यांनी साध्या प्रेक्षकांना त्यांच्या आयुष्याबद्दल बोलतं केलं, आणि त्या बोलण्यात टीव्ही कुठे कुठे येतो ते ऐकलं. त्यातून जो इतिहास उभा राहतो तो पुस्तकातल्या इतिहासाहून बराच वेगळा आहे. माझ्या मते तो जास्त खराही आहे.

लहरींना सीमा कळत नाही

आधी थोडं तांत्रिक. त्या काळच्या टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जात. ट्रान्समीटर उंचावर असेल, मध्ये डोंगर नसेल, तर चित्र लांबवर पोहोचायचं. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामध्ये आयरिश समुद्र आहे. पाण्यावर अडवायला काही नाही. त्यामुळे 1950 च्या दशकात बीबीसीने ब्रिटनच्या पश्चिम भागात ट्रान्समीटर उभारायला घेतले, तसं आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर फिकं, हलणारं का होईना, पण चित्र दिसू लागलं. उत्तरेकडे बेलफास्ट हे ब्रिटनच्याच ताब्यातलं शहर. 1953 साली राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या तोंडावर तिथे घाईघाईने एक छोटा तात्पुरता ट्रान्समीटर बसवला गेला आणि 1955 मध्ये डिव्हिस डोंगरावर मोठा आला. 1959 मध्ये अल्स्टर टेलिव्हिजन ही व्यापारी वाहिनी सुरू झाली. या लहरी दक्षिणेकडे येताना कुणाच्या परवानगीसाठी थांबत नव्हत्या.

हवामानाचाही खेळ होता. उन्हाळ्यात हवेचा दाब वाढला की वातावरणात थंड हवेवर उबदार हवेचा थर बसतो आणि लहरी त्याखालून वाकत वाकत फार लांब जातात. अशा दिवशी एरवी मुंग्यांनी भरलेल्या पडद्यावर अचानक स्वच्छ चित्र यायचं. नाहीतर युरोपातलं कुठलं तरी परकं स्टेशन मध्येच घुसून हवं ते चित्र घालवायचं. म्हणून त्या पिढीच्या आठवणींत टीव्ही आणि आभाळ यांची सांगड असते. एक जण छपरावर अँटेना फिरवतोय, दुसरा खिडकीत उभा राहून आतला निरोप बाहेर ओरडून सांगतोय, आणि आतून आवाज येतोय: ‘होतं तसंच ठेव!’ महाराष्ट्रात सत्तर-ऐंशीच्या दशकात वाढलेल्यांना हे दृश्य वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

यातून एक मोठी गोष्ट लक्षात येते. डब्लिनच्या किनारी वस्त्यांत छपरांवर उंच अँटेना होते आणि त्यांची तोंडं पूर्वेला, वेल्सकडे होती. सीमेजवळच्या गावांत ती उत्तरेला वळलेली होती. म्हणजे टेलेफीश एरन सुरू झालं तेव्हा तिचे बरेचसे प्रेक्षक नवखे नव्हते. त्यांना टीव्ही म्हणजे काय हे ब्रिटिश वाहिन्यांनी आधीच शिकवलं होतं. उद्घाटनाच्या रात्री ग्रेशममध्ये पाहुण्यांचं स्वागत करणारे एमन अँड्र्यूज हे नव्या प्रसारण मंडळाचे अध्यक्ष होते. जन्माने डब्लिनचे, पण नाव काढलं ते बीबीसीवर. देशाच्या स्वतःच्या वाहिनीचा पहिला चेहरा प्रेक्षकांनी परक्या वाहिनीवर पाहिलेला होता.

तंत्रज्ञांनाही याची दखल घ्यावी लागली. टीव्हीचं चित्र आडव्या ओळींनी बनतं. ब्रिटनचं चित्र तेव्हा 405 ओळींचं असे, तर युरोपात 625 ओळींची नवी पद्धत रुळत होती. आयर्लंडने नवी पद्धत घ्यायचं ठरवलं. पण डब्लिनकरांच्या घरात आधीच 405 ओळींचे संच होते, त्यांचं काय? म्हणून शहराच्या दक्षिणेला विकलो डोंगररांगेतल्या किप्युअर शिखरावरून 405 ओळींचं प्रक्षेपण द्यावं लागलं. देशाच्या इतर भागांत पुढे 625 पोहोचलं. दुसऱ्या देशाच्या वाहिन्या पाहणाऱ्या प्रेक्षकांनी आपल्या देशाचं तांत्रिक धोरण न कळत ठरवून टाकलं होतं.

ज्यांच्याकडे संच होता त्यांचं घर

प्रेक्षकांच्या आठवणी ऐकताना पहिली जाणवणारी गोष्ट ही की कार्यक्रम दुय्यम असतो. पहिल्या टीव्हीवर नेमकं काय लागलं होतं, हे फार थोड्यांना आठवतं. संच कुठे होता, हे मात्र जवळजवळ सगळ्यांना आठवतं. तो कुणाच्या घरी होता, तिथे बसायला खुर्च्या किती होत्या, खिडकीबाहेर कोण उभं राहायचं, आत यायला कुणाला मिळायचं आणि कुणाला नाही.

संच महाग होता. पुष्कळ कुटुंबांनी तो विकत न घेता महिन्याच्या भाड्यावर आणला. शिवाय त्याला वीज लागते, आणि आयर्लंडच्या खेड्यांत वीज नेण्याची मोहीम 1946 साली कुठे सुरू झाली होती. डोंगराळ भागातल्या काही वाड्या-वस्त्यांवर ती सत्तरच्या दशकापर्यंत पोहोचली नव्हती. म्हणून पश्चिमेकडच्या माणसाच्या आठवणीत दिवा, इस्त्री आणि टीव्ही हे एकमेकांना लागून येतात. ज्या खोलीत संध्याकाळी चुलीभोवती बसून शेजारीपाजारी गप्पा मारायचे, गाणी म्हणायचे, त्याच खोलीत संच आला. टीव्हीने ती बैठक मोडली असं अनेक जण हळहळून सांगतात. पण तेच लोक पुढच्या वाक्यात हेही सांगतात की सुरुवातीची काही वर्षं टीव्हीमुळेच घर माणसांनी भरून जायचं. ही विसंगती खोडून टाकायची नसते. दोन्ही खरं आहे. गावात एकच संच होता तोवर त्याने माणसं जमवली. घरोघरी संच आला तेव्हा ज्याची त्याची संध्याकाळ ज्याच्या त्याच्या घरात गेली.

परदेशी गेलेल्यांचंही असंच. पन्नासच्या दशकात हजारो आयरिश तरुण-तरुणी कामासाठी ब्रिटनला गेले. टीव्हीशी त्यांची पहिली ओळख झाली ती लंडन-बर्मिंगहॅमच्या भाड्याच्या खोल्यांत आणि नातेवाइकांच्या घरी. आयरिश टीव्हीच्या इतिहासात त्यांना कुठलं प्रकरण द्यायचं? वाहिनीचा इतिहास लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. माणसाचं आयुष्य ऐकणाऱ्याला मात्र तो टाळता येत नाही.

बिशप, नाइटी आणि उसन्या आठवणी

आता पुस्तकातल्या इतिहासाकडे येऊ. तिथला नायक ठरलेला आहे. 6 जुलै 1962 रोजी ‘द लेट लेट शो’ सुरू झाला. सूत्रसंचालक गे बर्न. उन्हाळ्यापुरता तात्पुरता भराव म्हणून आणलेला हा गप्पांचा कार्यक्रम आजही चालू आहे, आणि बर्न यांनी तो 1999 पर्यंत सांभाळला. धर्म, लग्न, संततिनियमन हे घरात मोठ्याने न बोलले जाणारे विषय शनिवारी रात्री सगळ्या कुटुंबासमोर चर्चेला आले. (1985 पासून तो शुक्रवारी लागू लागला.) मार्च 1971 मध्ये स्त्रीमुक्ती चळवळीतल्या बायका स्टुडिओत आल्या आणि वाद इतका पेटला की गॅरेट फिट्झजेरल्ड हे राजकारणी घरून उठून थेट स्टुडिओत येऊन दाखल झाले. पुढे हेच गृहस्थ पंतप्रधान झाले.

सगळ्यात गाजलेली गोष्ट फेब्रुवारी 1966 ची. एका जोडप्याला खेळ म्हणून विचारलं गेलं, लग्नाच्या पहिल्या रात्री पत्नीच्या नाइटीचा रंग कोणता होता? बहुधा काही घातलंच नव्हतं, अशा अर्थाचं काहीसं उत्तर पत्नीने दिलं आणि स्टुडिओत हशा पिकला. क्लॉनफर्टचे बिशप थॉमस रायन यांनी जाहीर निषेध केला, वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला आणि प्रकरण देशभर झालं. ‘टीव्ही येण्याआधी आयर्लंडमध्ये कामवासना नव्हती’ हे खासदार ऑलिव्हर फ्लॅनगन यांच्या नावावर असलेलं वाक्य त्याच काळातलं. सगळे किस्से एका माळेत ओवले की एक छान सरळ गोष्ट तयार होते: जुना, बंदिस्त, धर्मगुरूंच्या धाकातला देश होता, टीव्ही आला आणि खिडक्या उघडल्या.

प्रेक्षकांना विचारलं की ही गोष्ट जरा अडखळते. नाइटीचं प्रकरण पुष्कळांना ‘आठवतं’. पण खोलात जाऊन विचारलं, की तुम्ही तेव्हा किती वर्षांचे होता, कुठे बसून पाहिलं, घरात कोण काय म्हणालं, तर हाती फारसं काही लागत नाही. काहींच्या घरी तेव्हा संचच नव्हता. ही फसवणूक नव्हे. माणसाची स्मृती अशीच चालते. आपण आठवण तिजोरीतून काढल्यासारखी जशीच्या तशी बाहेर काढत नाही. दर वेळी ती नव्याने रचतो, आणि रचताना मधल्या काळात ऐकलेलं, वाचलेलं, वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात पुन्हा पाहिलेलं सगळं तिच्यात मिसळतं. टीव्ही तर स्वतःचाच इतिहास सतत टीव्हीवर दाखवत असतो. त्यामुळे पुन्हा पुन्हा दाखवलेले प्रसंग हळूहळू सगळ्यांच्या खाजगी आठवणी होऊन बसतात.

मग आठवणींवर विश्वास कसा ठेवायचा? अनुभवी मुलाखतकार तारखांच्या मागे लागत नाही. तारीख वर्तमानपत्रात मिळते. तो अशा तपशिलांकडे कान देतो जे कुठल्याही वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात येत नाहीत: संचावर घातलेलं भरतकामाचं कापड, बाबा आले की बदलली जाणारी वाहिनी, चुंबनाचं दृश्य आलं की चहा करायला उठणारी आई. एकमेकांना कधीही न भेटलेली, वेगवेगळ्या जिल्ह्यांतली माणसं असं काही आपापल्या शब्दांत सांगू लागली, की तिथे इतिहासाची पक्की जमीन लागते. आणि कुणी काय सांगत नाही, हेही तितकंच मोलाचं असतं. ज्या वादांनी पुस्तकांची पानंच्या पानं भरली, त्यातले कितीतरी वाद साध्या घरांतल्या आठवणींत उमटतच नाहीत. टीव्ही त्यांच्यासाठी क्रांती नव्हती. तो दिवसभराच्या कामानंतरचा विसावा होता, आणि इतिहासकारांनी तो कमी लेखू नये असं मला मनापासून वाटतं.

आठवणी गोळा करण्याचं आणखी एक अगदी रोकडं कारण आहे. सुरुवातीच्या वर्षांतलं पुष्कळ प्रक्षेपण आज अस्तित्वातच नाही. बरेच कार्यक्रम थेट असत, चित्रमुद्रण होत नसे. व्हिडिओ टेप महाग, म्हणून जे मुद्रित व्हायचं तेही पुसून त्याच टेपवर पुढचा कार्यक्रम घेतला जायचा. हे जगभर घडलं, आयर्लंडमध्येही. त्या कार्यक्रमांचा एकमेव उरलेला पुरावा म्हणजे ते पाहिलेली माणसं.

सहा वाजता घंटा, रविवारी रात्री पोटात गोळा

आठवणींत सगळ्यात घट्ट बसलेली गोष्ट म्हणजे टीव्हीचं वेळापत्रक. संध्याकाळी सहाला एंजेलस. कॅथलिक प्रार्थनेची ही घंटा रेडिओवर 1950 पासून होती, टीव्हीवर ती 1962 मध्ये आली. आधी तीन-तीन ठोक्यांचे तीन गट, मग सलग नऊ, असे अठरा ठोके. पडद्यावर मेरीला देवदूताचा निरोप मिळाल्याचं जुनं चित्र. काही घरांत सगळे उठून उभे राहत. काही घरांत आजी क्रूसाची खूण करायची आणि मुलं ताटकळत बसायची, कारण घंटा संपली की बातम्या. मुलांचे कार्यक्रम संपून मोठ्यांचे सुरू होण्याची ती सीमारेषा होती. श्रद्धा नसलेली माणसंही आज त्या घंटेबद्दल जिव्हाळ्याने बोलतात. त्यांच्यासाठी तो आवाज म्हणजे स्वयंपाकघरातला वास, गृहपाठ आणि बाबांची घरी यायची वेळ.

तसाच रविवार. 1983 ते 2001 या काळात रविवारी रात्री ‘ग्लेनरो’ ही खेड्यातल्या कुटुंबांची मालिका लागायची. तिचं शीर्षकसंगीत ऐकलं की आजही चाळिशी-पन्नाशीतल्या आयरिश माणसाच्या पोटात गोळा येतो, कारण त्याचा अर्थ एकच होता: सुट्टी संपली, उद्या शाळा. कथानक विचारा, आठवणार नाही. त्याआधीची ‘द रिअर्डन्स’ (1965 ते 1979) तर खऱ्याखुऱ्या शेतावर, मीथ परगण्यातल्या डनबॉयन गावाजवळ चित्रित व्हायची. स्टुडिओतली पुठ्ठ्याची भिंत सोडून चिखलात कॅमेरा नेणं ही तेव्हा मोठी झेप होती. शेतकऱ्यांना आपलं आयुष्य पहिल्यांदा पडद्यावर दिसलं. गर्भनिरोधक गोळीसारखा विषय या मालिकेत आला तो ओळखीच्या पात्रांच्या तोंडून. असा विषय बिशपांशी भांडणाऱ्या चर्चेपेक्षा घरात किती सहज शिरला असेल, याचा अंदाज मराठी मालिका पाहिलेल्या कुणालाही करता येईल.

एक वाहिनी की अनेक?

आयर्लंडच्या टीव्हीत सगळ्यात खोल दरी शहर-खेडं किंवा सनातनी-सुधारक अशी नव्हती. ती होती किती वाहिन्या दिसतात याची. पूर्वेला आणि उत्तरेला चार-पाच. दक्षिणेला आणि पश्चिमेला अनेक वर्षं फक्त आरटीई. कॉर्कच्या किंवा केरीच्या मुलाला डब्लिनच्या चुलतभावाकडे गेल्यावर दिसणारा टीव्ही म्हणजे वेगळाच देश वाटायचा. सत्तरच्या दशकात मंत्री कोनर क्रूज ओब्रायन यांनी दुसऱ्या वाहिनीच्या जागी बीबीसीच सगळ्या देशाला दाखवावी, असा प्रस्ताव मांडला. लोकांचा कौल घेतला तेव्हा बहुमत आपल्याच दुसऱ्या वाहिनीला मिळालं, आणि 2 नोव्हेंबर 1978 रोजी आरटीई टू सुरू झाली.

तरी भूक भागली नाही. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, डोंगरावर यंत्रं बसवली आणि ब्रिटिश वाहिन्यांचा सिग्नल पकडून खाली खोऱ्यात सोडला. याला ‘डिफ्लेक्टर’ म्हणत. ते बेकायदेशीर होतं, पण आख्खी गावं त्यावर चालत. सरकारने परवानाधारक कंपन्यांची महागडी सेवा पुढे केली आणि डिफ्लेक्टर बंद पाडायला घेतले, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. 1997 च्या निवडणुकीत डोनेगलच्या नैर्ऋत्य मतदारसंघातून टॉमस गिल्डी हे अपक्ष उमेदवार याच मुद्द्यावर संसदेत निवडून गेले. राष्ट्रीय संस्कृती परक्या वाहिन्यांपासून वाचवावी, अशी चिंता वर्षानुवर्षं वरच्या वर्तुळात चालू होती. खाली लोक मात्र त्या वाहिन्यांसाठी मतं देत होते. हे लोक काही कमी आयरिश नव्हते. संध्याकाळी ते गेलिक फुटबॉलही पाहत आणि ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ ही ब्रिटिश मालिकाही.

जे दिसलं नाही

आठवणींत जे नाही त्याचीही एक बाजू आहे आणि ती जड आहे. 1960 च्या प्रसारण कायद्याच्या 31 व्या कलमाखाली सरकारने 1971 पासून आरटीईवर आयआरए (उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडू पाहणारी सशस्त्र संघटना) आणि पुढे तिच्याशी जोडलेला शिन फेन हा पक्ष यांच्या प्रतिनिधींचे आवाज ऐकवायला मनाई केली. 1972 मध्ये आयआरएच्या प्रमुखाच्या मुलाखतीवर आधारित वृत्तांत प्रसारित झाला, म्हणून सरकारने आख्खं प्रसारण मंडळ बरखास्त केलं. बंदी उठली ती थेट जानेवारी 1994 मध्ये. सीमेपलीकडे उत्तर आयर्लंडमध्ये माणसं मरत होती आणि दक्षिणेतल्या प्रेक्षकांना त्या संघर्षातली एक बाजू स्वतःच्या तोंडून बोलताना वीसेक वर्षं ऐकू आली नाही. ब्रिटनने 1988 मध्ये तशीच बंदी आणली तेव्हा बीबीसीवर नेत्याचे ओठ हलायचे आणि आवाज नटाचा असायचा. दोन्ही वाहिन्या पाहणारे सीमेवरचे लोक हे दोन्ही प्रकार एकाच संध्याकाळी पाहत.

आणि धर्मसंस्थांच्या औद्योगिक शाळांत (म्हणजे निराधार मुलांना ठेवायच्या निवासी संस्थांत), अनाथालयांत मुलांवर होणारा अत्याचार. टीव्हीने खिडक्या उघडल्या म्हणतात, पण या खिडकीला हात लागायला 1990 चं दशक उजाडलं. मेरी राफ्टरी यांची ‘स्टेट्स ऑफ फिअर’ ही आरटीईवरची माहितीपट-मालिका 1999 च्या वसंतात लागली. ती चालू असतानाच 11 मे रोजी पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी पीडितांची राज्याच्या वतीने माफी मागितली. जी मुलं त्या संस्थांत वाढली, त्यांच्या लहानपणीच्या आठवणींत ‘सगळं कुटुंब टीव्हीसमोर’ हे चित्र कुठून येणार? प्रेक्षकांच्या आठवणींतून इतिहास लिहिताना सगळ्यात मोठा धोका हा आहे. ज्यांना उबदार आठवणी आहेत तेच आधी बोलतात. बाकीच्यांपर्यंत मुद्दाम जावं लागतं.

सगळ्या देशाने एकत्र पाहिल्याचे क्षणही आहेत. 1963 मधली जॉन केनेडींची भेट, 1979 मधली पोपची भेट, आणि 25 जून 1990. त्या दिवशी इटलीत, जेनोवाला, फुटबॉलच्या विश्वचषकात आयर्लंडचा संघ रुमानियाविरुद्ध पेनल्टींवर जिंकला. पॅकी बॉनरने फटका अडवला, डेव्हिड ओलिअरीने शेवटचा मारला. या दिवसाबद्दल कुणालाही विचारा. गोल दोन वाक्यांत संपतो. मग सुरू होतं ते पब कोणता होता, शेजारी कोण उभं होतं, कोण रडलं, रस्त्यावर गाड्या कशा थांबल्या.

1961 साली वीस वर्षांचे असलेले आज ऐंशीच्या पुढे गेले आहेत, म्हणून आयर्लंडमध्ये हे ध्वनिमुद्रणाचं काम घाईचं आहे. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. म्हणजे आपल्याला वेळ थोडा जास्त आहे, फार नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलतं करायचं असेल, तर ‘तेव्हा कोणते कार्यक्रम आवडायचे?’ असं विचारू नका, ठरलेली चार नावं मिळतील. विचारा, पहिला संच चाळीत किंवा आळीत कुणाकडे होता? तिथे कुठे बसायचात? कुणाला आत घेत नसत? मग फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि मध्ये बोलू नका.